मेडिकलच्या अर्जाआधी परदेशात शिकायचं की सेवा करायची? सोलापूरच्या एका मामांना उत्तर

प्रश्न विचारणारे गृहस्थ सोलापूरचेच, जुळे सोलापुरात राहतात. त्यांची भाची न्यू जर्सीत जन्मली, तिथेच कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला डॉक्टर व्हायचंय. तिच्यासमोर दोन गोष्टी आहेत. तिसऱ्या वर्षाचं पहिलं सेमिस्टर कोपनहेगनला जाऊन शिकायचं, नाहीतर येत्या उन्हाळ्यात एका कंपनीमार्फत पूर्व आफ्रिकेत चार आठवडे ‘मेडिकल व्हॉलंटियरिंग’ करायचं. आजीचं तिसरंच: पैसे भरून परक्या मुलखात सेवा कशाला, इथे ये, सिव्हिलला कर. मामांनी विचारलंय की मेडिकल स्कूलच्या दृष्टीने यातलं काय बरं, आणि ती सोलापूरला आलीच तर सर्टिफिकेट मिळेल का.

आधी निकाल सांगते, कारणं मागून. कोपनहेगनला जाऊ द्या. आफ्रिकेचं पॅकेज सोडा. सोलापूरला जरूर येऊ द्या, पण बघायला आणि ऐकायला. रुग्णसेवा करायला नको. आणि अर्जासाठी जी सेवा मोजली जाते ती तिने न्यू जर्सीतच, घरापासून वीस मिनिटांवरच्या एखाद्या ठिकाणी, दर आठवड्याला न चुकता करावी.

मी फिजिशियन. एमबीबीएस इथल्या वैशंपायन कॉलेजचं, रेसिडेन्सी म्हणजे पदवीनंतरचं प्रशिक्षण अमेरिकेत. तिथे नंतर काही वर्षं शिकवलं, तेव्हा मेडिकल स्कूलच्या प्रवेशाच्या मुलाखतींना बसायचे. आता कितीतरी वर्षं सोलापुरात प्रॅक्टिस आहे आणि दर उन्हाळ्यात कुणाची तरी नात, कुणाचा तरी पुतण्या ‘मॅडम, महिनाभर तुमच्या ओपीडीत बसू दे की’ म्हणून येतोच. त्यामुळे हा विषय मला टेबलाच्या दोन्ही बाजूंनी माहीत आहे.

आपल्याकडच्या पालकांचा गोंधळ मुळात पद्धतीपाशी होतो. इथे बारावी झाली, नीट दिली, मार्कांवर सीट लागली. तुमच्या पोराने कुठे काय सेवा केली हे कोणी विचारत नाही. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, त्यात जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, बायोकेमिस्ट्री प्रयोगशाळेसकट, मग एमकॅट ही प्रवेशपरीक्षा, मग अर्ज, मग मुलाखत. मार्क लागतातच, पण मार्कांवर फक्त दाराच्या आत घेतात. आत आल्यावर हा माणूस आजारी लोकांच्या सहवासात टिकेल का, हे बघतात. स्वयंसेवेचा सगळा खटाटोप त्यासाठी असतो.

बहुतेक कॉलेजांचा अर्ज एएमसीएएस नावाच्या एकाच सामायिक फॉर्मवर भरतात. त्यात केलेल्या कामांसाठी १५ नोंदींची जागा असते आणि एका नोंदीला ७०० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. त्यातल्या तीन ‘सर्वांत महत्त्वाच्या’ म्हणून निवडायच्या, त्यांना आणखी १३२५ अक्षरं मिळतात. आता ७०० अक्षरं म्हणजे काय? शंभर-सव्वाशे इंग्रजी शब्द. त्यात ‘मी चार आठवड्यांत इतके रुग्ण तपासले’ असं वाचलं की समितीवरच्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो, कोणाच्या परवानगीने तपासलेस बाई?

मुलाखतीतला एक मुलगा सांगते, म्हणजे पॅकेज का सोडा म्हणते ते कळेल. मार्क उत्तम, बोलायला चटपटीत. त्याने सांगितलं की परदेशातल्या एका दवाखान्यात त्याने लहान मुलाच्या कपाळाला टाके घातले, तिथे डॉक्टर कमी होते म्हणून. सांगताना चेहरा उजळला होता त्याचा. माझ्या शेजारी एक वयस्कर सर्जन बसले होते. त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, मुलाचं वजन किती होतं? भूल किती दिली? कोणी दिली? पोराला काही सांगता येईना. मग शेवटचं विचारलं, टाके कोणी काढले? चेहऱ्यावरचे टाके पाचेक दिवसांत काढावे लागतात, नाहीतर व्रण राहतो. हा तोवर विमानात बसून घरी पोचला होता. त्या मुलाचं पुढे काय झालं, याची चौकशी करावी हेही त्याला सुचलं नव्हतं. पोरगा वाईट नव्हता हो. पण जे हात त्याच्या स्वतःच्या गावात कोणी रुग्णाला लावू दिले नसते, ते गरिबाच्या लेकराला लावायला मिळाले आणि त्याला ती संधी वाटली.

असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस या संस्थेनेच २०११ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. सार इतकंच की शिक्षण झालेलं नाही ती प्रक्रिया विद्यार्थ्याने परदेशातही करू नये, आणि रुग्णाला आपण विद्यार्थी आहोत हे स्पष्ट सांगावं. तरीही कंपन्यांच्या जाहिरातीत गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली एकोणीस वर्षांची मुलं झळकतात. तुमच्या भाचीला सांगा, त्या कंपनीला एकच मेल पाठव: मी तिथे नेमकं काय करणार, माझ्यावर देखरेख कोणाची, आणि मी नसते तर ते काम कोण करतं? तिसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर आलं तर मला कळवा, मी माझं मत बदलायला तयार आहे. बहुतेक वेळा उत्तर असं असतं की तिथली एक पगारी नर्स ते काम करते, आणि या मुलांना सांभाळण्यात तिचा दिवस जातो.

आपल्याकडे तर कायद्याचाच प्रश्न आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ प्रमाणे नोंदणी नसताना वैद्यकी केली तर एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अमेरिकेचा पासपोर्ट दाखवून त्यातून सुटका नाही. शिवाय सुई टोचली तर? एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच सुरू करावी लागतात. अनोळखी देशात, रविवारच्या दिवशी, एका खेड्यातल्या दवाखान्यात ती कुठून आणणार, हा प्रश्न पैसे भरण्याआधी विचारायचा असतो.

इथे कोणीतरी हमखास म्हणणार, मग आपले कोटणीस? सोलापुरात परदेशी सेवेचा विषय निघाला आणि भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचं नाव निघालं नाही असं होत नाही. पण बघा ना, द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते मुंबईहून डॉक्टर होऊन. ज्या पाच जणांचं पथक गेलं ते सगळे डॉक्टर होते आणि मागणी तिकडून आली होती. तिथे त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली, तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवलं, सहकारी परत आले तरी ते राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. हात तयार, भाषा येते, आणि परतीचं तिकीट खिशात नाही. चार आठवड्यांच्या पॅकेजच्या माहितीपत्रकावर छापण्यासारखं यातलं काहीही नाही. भाचीला सेवेची खरीच ओढ असेल तर ती डॉक्टर झाल्यावर जगात कुठेही जाऊ दे, तेव्हा मी तिला स्टेशनवर सोडायला येईन.

आता कोपनहेगन. याला मी हो म्हणते खरी, पण हिशेब करून.

पहिली अडचण वेळापत्रकाची. तिचं दुसरं वर्ष चालू आहे म्हणजे ऑरगॅनिक केमिस्ट्री सुरू असणार. ती दोन सेमिस्टरची असते, मध्ये तोडायची नाही. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला एरवी बायोकेमिस्ट्री आली असती, कारण एमकॅटमध्ये तिचा मोठा भाग असतो. कोपनहेगनला गेली की बायोकेमिस्ट्री पुढच्या सेमिस्टरला ढकलली जाते आणि एमकॅट मेअखेर किंवा जूनमध्ये. अर्जाचा फॉर्म मेच्या सुरुवातीला उघडतो, भरून पाठवायला मेअखेर-जूनच्या सुरुवातीला घेतात, आणि जूनअखेर तो कॉलेजांकडे जायला लागतो. तिथे बहुतेक ठिकाणी जसजसे अर्ज येतात तसतसं मुलाखतीला बोलावतात. सप्टेंबरात येणाऱ्याला उरलेल्या जागा. मग तिने घाईघाईत एमकॅट द्यायची, मार्क येईपर्यंत जीव टांगणीला, आणि अर्ज उशिरा. एवढा आटापिटा करून कोपनहेगन करू नये.

सरळ उपाय म्हणजे मध्ये एक वर्ष घ्यायचं. चौथं वर्ष संपताना अर्ज, त्या वर्षभरात एखाद्या दवाखान्यात नोकरी. सोलापुरात ‘वर्ष वाया गेलं’ म्हणतील, आजी तर नक्कीच म्हणेल, कारण आपल्याला ड्रॉप म्हटलं की नापास आठवतं. तिकडे आता मेडिकल स्कूलला लागणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलं असं वर्ष-दोन वर्षं घेऊनच येतात. समितीला त्यात काही वावगं दिसत नाही. उलट बावीस-तेवीस वर्षांच्या माणसाशी बोलणं सोपं जातं. वर्ष घ्यायची तयारी नसेल तर मात्र सेमिस्टर सोडा आणि उन्हाळ्यातला पाच-सहा आठवड्यांचा भाषेचा कोर्स घ्या.

दुसरी गोष्ट क्रेडिटची. मेडिकल स्कूलला लागणारे विज्ञानाचे विषय परदेशात घेऊच नयेत. परदेशी विद्यापीठाचे मार्क एएमसीएएस आपल्या सरासरीत धरत नाही. ते तिच्या अमेरिकन कॉलेजच्या गुणपत्रिकेवर क्रेडिट म्हणून आले तरच हिशेबात येतात. कॉलेजचाच कार्यक्रम असेल तर सहसा येतात, पण कधी ग्रेड मिळते, कधी नुसतं पास-नापास. हे जाण्याआधी तिच्या कॉलेजच्या रजिस्ट्रारकडून मेलवर लेखी घ्यायचं. तोंडी ‘हो, चालेल’ नको. फॉर्म भरायच्या वेळी तसं म्हणणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

मग तिथे काय शिकायचं? सार्वजनिक आरोग्य, आरोग्यव्यवस्थांचा तुलनात्मक अभ्यास, इतिहास, भाषा. डेन्मार्कमध्ये करातून आरोग्यसेवा चालते. जवळजवळ प्रत्येकाचं नाव एका फॅमिली डॉक्टरकडे नोंदलेलं, त्याच्याकडे जायला पैसे नाहीत, आणि बहुतेक तज्ज्ञांकडे त्याची चिठ्ठी घेऊन जायचं. आता याच्याशेजारी सोलापूर ठेवा. माझ्या ओपीडीत माणूस येतो तो आधी मेडिकल दुकानातून गोळ्या घेऊन, मग गल्लीतल्या डॉक्टरांचं इंजेक्शन घेऊन, मग कुणीतरी सांगितलं म्हणून थेट हृदयरोगतज्ज्ञाकडे जाऊन, तिथून ‘तुमचं हृदय ठीक आहे, फिजिशियनला दाखवा’ ऐकून. हातात दोन इसीजी, एक टूडी इको आणि छातीतली जळजळ तशीच. नुसत्या अ‍ॅसिडिटीपायी एवढा खर्च. चिठ्ठीची पद्धत असती तर हा माणूस कुठल्या पायरीवर थांबला असता, आणि डेन्मार्कात त्याला तज्ज्ञासाठी किती थांबावं लागलं असतं, हे जिने दोन्हीकडे डोळ्यांनी पाहिलंय तिला मुलाखतीत बोलायला विषय शोधावा लागत नाही. अमेरिकेची तिसरी तऱ्हा तर तिला घरचीच आहे. परदेशी शिक्षणाचा फायदा मी धरते तो एवढाच, आणि तो पुरेसा आहे. युरोपातल्या विमानतळांचे फोटो सगळ्यांकडेच असतात.

खरं विचाराल तर मला कोपनहेगनपेक्षा एखादा स्पॅनिश बोलणारा देश जास्त आवडला असता. न्यू जर्सीत तिला आयुष्यभर स्पॅनिश बोलणारे रुग्ण भेटणार आहेत, डॅनिश बोलणारा एखादाच. पण तिच्या कॉलेजने दिलेली जागा कोपनहेगनची आहे आणि तिला तिथला आरोग्यधोरणाचा कोर्स आवडलाय, तर ठीक आहे. स्पॅनिश घरबसल्याही सुरू करता येते.

आता सोलापूर. आजीचं म्हणणं मी उडवून लावत नाही, फक्त ‘सिव्हिलला सेवा’ या शब्दांत थोडी दुरुस्ती करते. शासकीय रुग्णालयात बाहेरच्या विद्यार्थ्याला नुसतं बसायचं झालं तरी अधिष्ठात्यांच्या नावे अर्ज, तिच्या कॉलेजचं पत्र, आणि विभागप्रमुखांची संमती लागते. ओळखीने मागच्या दाराने आत शिरणं हे आपल्याकडे सहज जमतं, म्हणूनच करू नका. खासगी डॉक्टरांकडे बसायचं असेल तरी दोन ओळींचं पत्र घ्या आणि प्रत्येक रुग्णाला विचारूनच तिला खोलीत थांबू द्या. फोटो काढायचा नाही. इन्स्टाग्रामवर तर मुळीच नाही.

ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असेल तर येण्याजाण्याला अडचण नाही, पण एक लक्षात ठेवा: ‘मी इथे रिसर्च करणार’ म्हटलं की ओसीआयधारकालाही आधी विशेष परवानगी लागते, आणि रुग्णांची माहिती गोळा करायची तर एथिक्स कमिटीची मंजुरी वेगळी. हौसेने वही घेऊन चाळीस बायकांना प्रश्न विचारत सुटायचं आणि त्याला अर्जात संशोधन म्हणायचं, हे नको.

मग ती करेल काय? पहिलं, ऐकेल. तिला मराठी येतं हे मोठं भांडवल, पण इथल्या ओपीडीत ते निम्मंच चालेल. साखर पेठ, अशोक चौकाकडून येणाऱ्या बायका तेलुगूत बोलतात, अक्कलकोटच्या बाजूची माणसं कन्नडमध्ये. ‘दग्गु’ म्हणजे खोकला, एवढं मीही पेशंटांकडूनच शिकले.

मागे अशीच एक विद्यार्थिनी माझ्याकडे बसली होती. एक विडी कामगार बाई आल्या, दम्याच्या. पंप लिहून दिलेला, तरी धाप तशीच. मी ‘पंप नियमित घेता ना’ विचारलं, त्या ‘घेते की’ म्हणाल्या. नेहमीचं. माझ्याकडे बाहेर गर्दी. ही मुलगी त्यांच्याबरोबर बाहेर गेली, बाकावर बसली आणि त्यांच्या सुनेला म्हणाली, पंप कसा घेतात ते मला दाखवाल का? बाईंनी कॅरीबॅगमधून पंप काढला, तोंडापासून चार बोटं लांब धरला आणि देवाला धूप दाखवावा तसा फवारा मारला. औषध सगळं हवेत. तिने आत येऊन मला हे हळूच सांगितलं. मी नर्सला सांगितलं, नर्सने त्यांना स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून शिकवलं, दोनदा त्यांच्याकडूनच करून घेतलं. मुलीने स्वतः काही शिकवायचा आव आणला नाही. पुढच्या वेळी त्या बाई ठरलेल्या तारखेला आल्या नाहीत, तेव्हा तिनेच सुनेकडून कळवून घेतलं की हजार विड्यांमागे मजुरी असते आणि दवाखान्यात सकाळ गेली की तेवढा माल कमी भरतो. त्यानंतर आम्ही त्यांना संध्याकाळची वेळ दिली. ७०० अक्षरांत लिहायला याहून चांगलं काय मिळणार? टाका नाही, इंजेक्शन नाही.

दुसरं, आशाताईंबरोबर फिरता आलं तर जरूर फिरावं, अर्थात आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळाला बघायला आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. वजन करते, ताप बघते, आईचं दूध नीट चाललंय का विचारते. तुमच्या भाचीने मागे उभं राहून दोन-तीन घरं बघितली तरी प्राथमिक आरोग्य म्हणजे काय ते तिला कळेल. मदत करायचीच तर वजनकाटा उचलून न्यावा.

तिसरं, वारी. आषाढी जूनअखेर ते जुलैत येते, अधिक मास आला की आणखी पुढे सरकते, म्हणजे तिच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बहुतेक वेळा बसतेच. पालखी मार्गावर आणि पंढरपुरात कितीतरी संस्थांची आरोग्य शिबिरं लागतात. तिथे डॉक्टरांना औषधं देऊ दे, हिने पाणी द्यावं, म्हाताऱ्या माणसांना सावलीत बसवावं, ओआरएस कालवावं. ओआरएसचंही शिकून घ्यायचं: मोठं पाकीट म्हणजे एक लिटर पाण्यात पूर्ण. लोक पेल्यात चिमूटभर टाकून पितात आणि उरलेलं घडी घालून खिशात ठेवतात. दिवसभर बादलीपाशी उभं राहून हे नीट करणं, येणाऱ्या प्रत्येक माऊलीला न कंटाळता सांगणं, हे काम एकोणीस वर्षांच्या मुलीला झेपतं आणि कोणाचं नुकसान होत नाही. मे महिन्यात मात्र बोलावू नका. त्रेचाळीस अंशांत तीच पेशंट होऊन माझ्याकडे येईल.

सर्टिफिकेटचं विचारलंत. देईन, पण त्याचा उपयोग नाही. एएमसीएएसमध्ये सर्टिफिकेट जोडायला जागाच नसते. तासांची संख्या आणि ज्याला विचारता येईल अशा माणसाचं नाव, ईमेल मागतात. म्हणजे कोणी मला मेल केला तर मी काय लिहीन, याला किंमत. दरवर्षी कोणी ना कोणी पालक ‘मॅडम, दोनशे तास घाला की, पोरगी आलीच होती ना’ म्हणतात. आली होती, पंधरा दिवस, त्यातले चार दिवस लग्नाला गेली होती. खोटे तास लिहिले आणि मुलाखतीत ‘त्या दोनशे तासांतला एक दिवस सांग’ म्हटलं की पोर उघडी पडते.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते. अर्ज उभा राहतो तो न्यू जर्सीतल्या कामावर. फ्री क्लिनिकचं रिसेप्शन, हॉस्पिसमध्ये शेवटच्या दिवसांतल्या माणसांशेजारी बसणं, तातडीच्या उपचारांचं, म्हणजे ईएमटीचं, प्रशिक्षण घेऊन रुग्णवाहिकेवर काम, डॉक्टरांच्या नोंदी टिपणारा स्क्राइब. यातलं एक धरायचं आणि दोन वर्षं सोडायचं नाही. दर शनिवारी चार तास, परीक्षेच्या आठवड्यात दोन. मुलाखतीला बसायचे तेव्हा मला असा अर्ज लगेच ओळखू यायचा, कारण त्यातल्या माणसाला कंटाळा माहीत असतो. तीच म्हातारी, तीच तक्रार, पाचव्या महिन्यात पुन्हा. आफ्रिकेच्या चार आठवड्यांत कंटाळा यायला वेळच मिळत नाही. डॉक्टरकीत नवलाई पहिलं वर्षभर असते, नंतर मधुमेहाचा तोच पेशंट दर तीन महिन्यांनी भात सोडला नाही म्हणून सांगत असतो.

हे वाचणारे इथले पालकही असतील म्हणून दोन गोष्टी जाता जाता. तुमची मुलं नीट देणार असतील तर परदेशातल्या सेवेचा प्रवेशाला काडीचा उपयोग नाही; ते पैसे आणि ते आठवडे जीवशास्त्राला द्या. बारावीनंतर अमेरिकेत पदवी करून तिथेच एमडीला (तिकडे डॉक्टरकीची पहिली पदवी हीच) जायचं म्हणत असाल तर डोळे उघडून जा: तिथली बरीच मेडिकल स्कूल्स परदेशी नागरिकाचा अर्ज घेतच नाहीत, घेणारी काही ठिकाणं चारही वर्षांच्या फीची रक्कम आधी दाखवायला सांगतात, आणि सरकारी शैक्षणिक कर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं. या भाचीचा जन्म तिथला आहे, तुमच्या मुलीचा नाही. आणि बारावीनंतर थेट परदेशात एमबीबीएस करायचं, हा तिसराच विषय. त्यालाही नीटची परीक्षा पास व्हावी लागते, आणि २०२१ च्या नियमांनुसार निदान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप झाली तरच भारतात परवान्याचा विचार होतो. एजंट हे सांगताना आवाज खाली करतो.

भाचीसाठी शेवटचं. तिला हे मराठी वाचता येत नसेल तर तुम्हीच फोनवर वाचून दाखवा. या आठवड्यात तिने कॉलेजच्या प्री-मेड सल्लागाराची वेळ घ्यावी आणि कागदावर पुढच्या पाच सेमिस्टरचे विषय मांडून न्यावेत, कोपनहेगन धरून आणि न धरून, दोन्ही. इथे येणार असेल तर हिपॅटायटिस ए आणि टायफॉइडची लस निघण्याआधी काही आठवडे घ्यावी. टीबीची रक्ततपासणी येण्याआधी एकदा आणि परत गेल्यावर आठ-दहा आठवड्यांनी पुन्हा करावी, कारण आमच्या ओपीडीत खोकणारी माणसं समोर बसतात. तो रिपोर्ट तिने जपून ठेवावा, न्यू जर्सीतल्या हॉस्पिटलात स्वयंसेवेचा फॉर्म भरताना टीबीची तपासणी बहुतेक मागतातच.